घर आडवं होऊन पाहावं

पुण्यात मी एक फ्लॅट पसंत केला, तो त्यातला पलंग बघून.

विकायला फ्लॅट होता, पलंग नव्हता. पण त्या पलंगावर आठ उशा होत्या. आमच्या घरात उशा तीन, त्यातली एक पाहुण्यांची. ज्याच्याकडे एका पलंगावर आठ उशा मांडायला जागा आहे तो माणूस सुखी असणार, असं माझ्या मनानं घेतलं आणि मी तिथल्या तिथे टोकनचा चेक फाडून दिला. आता सांगायला बसलोच आहे तर हेही सांगतो, की मी पवनीच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. क्षेत्रफळाचा धडा मी तीस वर्षं शिकवला. लांबी गुणिले रुंदी. यात उशा कुठेच येत नाहीत, हे मी सातवीच्या पोरांना छडीच्या धाकानं पटवून दिलेलं होतं.

पण हा मूर्खपणा नुसता सांगून कळत नाही. त्यासाठी आमचे घरमालक सांगावे लागतात.

पवनीत विणकरांच्या मोहल्ल्यात त्यांचं घर. पुढच्या पडवीत माग, मागच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या. त्या खोल्यांत आम्ही चौदा वर्षांपूर्वी गेलो आणि अजून तिथेच आहोत. माझी बायको त्यांना मामाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. ते मला गुर्जी म्हणायचे, पण त्यात आदर किती आणि दया किती, हे मला शेवटपर्यंत मोजता आलं नाही.

मोजणं हाच त्यांचा धर्म होता. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्यांचा हात बरोबर अठरा इंच. मी एकदा शाळेतली टेप आणून ताडून पाहिला. टेपेत आणि हातात सुताएवढा फरक निघाला. मामाजींनी टेप उलटीसुलटी करून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, ‘टेप ताणली गेली जी तुमची. शारेत पोट्टे वढत असतीन.’ दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या दोन टेपा एकमेकींना लावून पाहिल्या. एक खरंच लांब भरली. तेव्हापासून मी त्यांच्या हाताच्या वाटेला गेलो नाही.

पहिल्या दिवशी आम्ही नवरा-बायको खोल्या बघायला गेलो तेव्हा मी घर बघताना सगळे करतात तेच करत होतो. दारात उभं राहून मान फिरवणं, भिंतीवर टकटक करणं, खिडकी उघडून ‘हवा चांगली आहे’ म्हणणं. मामाजी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘उभे काहून आहा जी? आडवे व्हा.’

मला वाटलं चक्कर त्यांना आली. तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं, घर उभ्यानं पाहू नये. उभ्या माणसाला छत दिसतं, रंग दिसतो, खिडकीतून दुसऱ्याचं झाड दिसतं. घर किती आहे ते आडवं झाल्यावर कळतं. मी पँटची घडी सांभाळत जमिनीवर आडवा झालो. त्यांनी खिशातून खडू काढला, माझ्या डोक्यापाशी एक रेघ मारली, पायापाशी एक. ‘गुर्जी इथं सरले,’ म्हणाले. बायको पदराचं टोक दातात धरून भिंतीकडे बघत होती. तिला त्यांनी आडवं व्हायला सांगितलं नाही, उभ्या उभ्याच अंदाज घेऊन तिच्या दोन रेघा मारल्या. मधे आमच्या पोराच्या. तो तेव्हा अकरावीत होता आणि खोलीत नव्हता, तरी बरोबर मारल्या, वर दोन बोटं वाढीसाठी सोडली. ‘पुरते. घ्या,’ म्हणाले, आणि आम्ही घेतल्या.

भाडं ठरवायची तऱ्हाही अशीच. दार आत उघडायचं. दार जेवढ्या जागेवरून फिरतं तेवढ्या जागेचं भाडं ते घेत नसत. मी विचारलं तर म्हणाले, ‘थे जागा ना तुमची ना माही. थे दाराची.’ मी घरी येऊन पाय आर वर्ग भागिले चार करून पाहिलं. त्यांनी कमी केलेला आकडा बरोबर होता. कसा काढला विचारलं, तर म्हणाले, दार फिरवून.

यावरून कोणी त्यांना संत समजू नये. स्वयंपाकाच्या खोलीत एका कोपऱ्यात कौलातून पाणी गळायचं. आम्ही खाली बादली ठेवायचो. कौल बदला म्हटलं की मामाजी येऊन बादलीच्या भोवती खडूनं गोल काढायचे आणि पावसाळ्याचे चार महिने त्या गोलाचं भाडं सोडायचे. जिवंत होते तोवर दरवर्षी त्यांनी बादलीचं भाडं इमानानं सोडलं आणि कौल काही बदललं नाही. एकदा मी चिडून मोठी बादली आणली. त्यांनी नवा गोल काढला. बायको मला म्हणाली, आता टाकी आणा, म्हणजे फुकटात राहू.

आणि भाडं त्यांनी वाढवलं ते फक्त एकदा. मी कारण विचारलं. त्यांनी माझ्याकडे आडवं बघितलं आणि म्हणाले, ‘तुमी रुंद झाले, गुर्जी.’

त्यांचं एक वाक्य साऱ्या मोहल्ल्याला पाठ होतं: ‘काठ नोको सांगू, कापड सांग.’ भाजीवालीपासून आमदारापर्यंत कोणीही लांबण लावली की ते हे म्हणायचे. लुगड्याचा काठ दिसायला भरजरी असतो, पण अंग झाकतं ते कापड, असा त्याचा अर्थ. स्वतःच्या मालालाही त्यांनी हे लावलं होतं. एकदा त्यांच्या मागावरचं एक लुगडं वीतभर कमी भरलं, आणि ते त्यांना लुगडं विकून झाल्यावर, उरलेलं सूत पाहून कळलं. गिऱ्हाईक लाखांदूरचं. मामाजी वीतभर कापड विणून, घडी करून, एसटीनं लाखांदूरला गेले. घर शोधून त्या बाईच्या हातात ते दिलं आणि चूक कबूल केली. बाईनं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, पुढच्या बारीला हातभर कमी करा जी, म्हणजे माह्या पोरीचं पोलकं होईन. हे मामाजी स्वतःच सांगायचे आणि सांगताना त्यांना फार राग यायचा.

गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या मुलानं अंगावर घालायचं कापड दुकानातून टेपनं मोजून आणलं. वीतभर कमी पडलं. तिथे जमलेले सगळे विणकर एकमेकांकडे बघत राहिले. हसावं की रडावं ते कोणालाच समजेना. मी रडलो, कारण माझं माप काढणारं माणूस गेलं होतं.

तर फ्लॅट.

फ्लॅटच्या जाहिरातींचा त्यांना नाद होता. नागपूरहून येणाऱ्या पेपरात पहिलं पान उलटलं की दुसरं पहिलं पान लागतं आणि त्यावर एक इमारत आभाळात गेलेली असते. मामाजी बातम्या सोडून ते पान पेन्सिल घेऊन वाचायचे. मग मला बोलवायचे आणि एकेक शब्द विचारायचे. कार्पेट म्हणजे काय, बिल्टअप म्हणजे काय. मी गणिताचा शिक्षक, त्यामुळे न येणाऱ्या गोष्टीही मला येत असल्याचा समज होता, आणि तो मी मोडत नसे. मी सांगितलं, कार्पेट म्हणजे आत चालायची जागा, आणि तोंडानं भाव सांगताना जो मोठा आकडा सांगतात त्यात भिंती, जिना, लिफ्ट, खालचा व्हरांडा, सगळ्यातला आपला वाटा धरलेला असतो. कागदावर लहान आकडा असतो, तोंडात मोठा.

मामाजींनी पेन्सिल कानावर ठेवली.  मग म्हणाले, ‘म्हंजे धोतराच्या भावात गाठोड्याचं फडकंबी इकून राह्यले.’

मोहल्ल्याच्या टोकाला एका विधवा बाईला सरकारी घरकुल मिळालं होतं. एक खोली, एक ओटा, बाजूला मोरी. गावातले लोक त्याला कोंबड्याचा खुराडा म्हणायचे. मामाजी तिथेही जाऊन आडवे झाले, आणि उठून म्हणाले, घर लहान आहे आणि लहान आहे म्हणून सांगते, यात खोटं काही नाही.

माझा मुलगा तोवर शिकून पुण्याला एका कंपनीत लागला होता. त्याचं लग्न नागपूरच्या एका घरी जमत आलं. मुलीचे वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. त्यांची अट एकच होती आणि तीही त्यांनी अट म्हणून सांगितली नाही. चहा पिताना म्हणाले, पुण्यात स्वतःचं छत असलं की मुलीच्या आईला झोप लागते. आता मुलीच्या आईची झोप माझ्या अंगावर येऊन पडली.

पुण्यात एक खोली, एक हॉल आणि किचन यांचा भाव सत्तर लाख. मुलाला कर्ज मिळत होतं, पण सगळं नाही. उरलेलं उभं करायला माझ्याकडे एकच वस्तू होती. आसगावचं वावर. दोन एकर धान, वडिलांपासूनचं. मी ते कधी कसलं नाही, मला चिखलात उभं राहिलं की सर्दी होते. पण रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत माझी बायको शाळेला सुट्टी नसली तरी मला डबा करून ठेवून एसटीनं आसगावला जायची आणि बायांच्या रांगेत उभी राहून रोवणं करायची. वर्षाचा तांदूळ तिथून यायचा. बाजारचा तांदूळ तिनं कधी शिजवला नव्हता. वावर विकायचं म्हटल्यावर ती एवढंच म्हणाली, आधी काय घेऊन राहिले थे त नीट पाहून या.

मी पाहून आलो. म्हणजे पलंग पाहून आलो.

परत आल्यावर ओट्यावर बसून मी त्या फ्लॅटचं वर्णन केलं. फरशी, खिडकी, दिव्यांची रांग, उशा. आसपासचे चार-पाच जण ऐकत होते, मामाजी मागावर होते. माग थांबला. त्यांनी आतूनच विचारलं, झोपून पाहिलं का. मी म्हटलं, मामाजी, ते सॅम्पल असतं, खरी इमारत अजून व्हायची आहे, दाखवायला म्हणून एक घर सजवून ठेवतात, तिथे झोपत नाहीत. मग ते बाहेर आले आणि त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.

‘दारं कोनीकडं उघडतेत?’

मी डोळे मिटले. पूर्ण फ्लॅट डोळ्यांसमोर आणला. हॉल आला, खोली आली, न्हाणी आली. दार एकही आलं नाही. मी पुन्हा बाहेरून आत आलो, मनातल्या मनात. सगळीकडे नुसत्या चौकटी. तीस वर्षं वर्गात पोरांची नजर खाली जायची ती कशी, ते मला त्या दिवशी कळलं. बायको दारात उभी होती.  मामाजींना म्हणाली, ‘मामाजी, तुमी जा ह्यायच्या संगं. नाहीतर मीच जाते.’

वावराला गिऱ्हाईक तयार होतं. पुण्यातल्या आफिसात बाकीची रक्कम भरायला पंधरा दिवस उरले होते. त्या पंधरा दिवसांत मी, माझा मुलगा, होणारे व्याही आणि धोतर-टोपीतले मामाजी असे चौघे त्या सॅम्पल फ्लॅटमध्ये उभे राहिलो. म्हणजे तिघे उभे राहिलो.

दाखवायला एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती, गळ्यात पट्ट्याला अडकवलेलं ओळखपत्र. तिचं पाठ केलेलं बोलणं सुरू व्हायच्या आत मामाजींनी चपला काढल्या, उशा एकेक करून खुर्चीवर रचल्या आणि पलंगावर आडवे झाले.

‘काका, प्लीज, तो डिस्प्लेचा आहे,’ ती म्हणाली. ‘फील यावा म्हणून ठेवलाय.’

‘थोच पाहून राह्यलो, बाई.’

मामाजी फार उंच नव्हते. माझ्या खांद्याच्या जरा वर. त्यांच्या टाचा पलंगाच्या बाहेर होत्या. ते उठले आणि पलंगाच्या कडेनं हात टाकत गेले. तीन हात आणि एक वीत. म्हणजे सव्वापाच फूट. पलंगच लहान बनवून घेतलेला होता, खोली मोठी दिसावी म्हणून. मग मला एकेक दिसायला लागलं. खुर्च्या लहान होत्या. जेवायचं टेबल शाळेतल्या बालवाडीचं असावं इतकं. सोफ्यावर बसलो तर गुडघे हनुवटीला. ते सगळं घर एका वितीनं कमी माणसांसाठी मांडलेलं होतं, आणि मी पहिल्या फेरीत त्यातल्या कशालाही अंग लावलं नव्हतं, कारण वस्तू नव्या होत्या आणि माझी पँट एसटीतून, रेल्वेतून आलेली होती.

मामाजींनी दारांचं विचारलं. ती मुलगी म्हणाली, सॅम्पलमध्ये दारं लावत नाहीत काका, मोकळं वाटावं म्हणून.

‘खऱ्यात असतीन?’

‘हो, खऱ्या फ्लॅटमध्ये असणार ना.’

‘म्हंजे खऱ्यात मोकरं नाही वाटनार.’

ती हसली. ते हसू त्या नोकरीतलं नव्हतं. मामाजींनी खडू काढला आणि त्या आरशासारख्या फरशीवर एकेका चौकटीपाशी बसून दार फिरेल तसा कंस काढला. खोलीचं दार, न्हाणीचं दार, संडासाचं दार, किचनचं दार. चार कंस. चारही एकमेकांना छेदत होते. छेदणाऱ्या वर्तुळांवर मी बोर्डाच्या परीक्षेला येणारे सगळे प्रश्न सोडवलेले आहेत. न्हाणीतून कोणी बाहेर येत असेल तर खोलीतल्यानं खोलीत थांबायचं, असं त्या आकृतीचं उत्तर येत होतं.

मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, वावराचे किती येऊन राहिले. मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी मनाशी काही जुळवलं आणि न्हाणीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तिथून चालायला लागले. न्हाणी संपली, संडास संपला, किचनमध्ये शिरले, गॅसच्या ओट्यापाशी थांबले आणि पायाच्या अंगठ्यापुढे खडूची रेघ मारली.

‘आसगाव इथं सरलं, गुर्जी. गॅसच्या पल्याड पोराचं कर्ज.’

मी नंतर कागदावर भागाकार करून पाहिला. अर्ध्या फरशीचा फरक आला, तोही माझा हातचा विसरला म्हणून.

 दोन एकर वावर, त्याचे धुरे-बांध, त्यावरचं मोहाचं झाड, पावसात बायांच्या रांगेत वाकलेली माझी बायको, हे सगळं न्हाणीपासून ओट्यापर्यंत पसरलेलं होतं आणि मुलगा त्या रेघेकडे बघत होता. तो म्हणाला, बाबा, राहू द्या, आपण भाड्यानं बघू. त्याच क्षणी मी वाचलो होतो. पण होणारे व्याही खिडकीपाशी उभे होते. ते मऊ आवाजात म्हणाले, ‘हो हो, जमत नसेल तर राहू द्या ना सर. आग्रह नाही.’

जमत नसेल तर.

मला कोणी गाढव म्हटलं असतं तर मी वाचलो असतो. गाढव म्हणवून घ्यायची सवय आहे. पण ‘जमत नसेल तर’ या तीन शब्दांनी माझ्या कानात वारं शिरलं. मी म्हटलं, न जमायला काय झालं. मी म्हटलं, मुलाच्या सुखापुढे दोन एकर काय चीज आहे. हे मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की बाजूच्या खोलीतून मॅनेजर आला आणि त्यानं माझ्याशी हात मिळवला. सही करताना पेनही त्याचाच होता. लहान होता.

मी सही करत असताना मामाजी त्या मुलीजवळ बसले होते. तिला विचारत होते, बाई, तू कुठं राहते. ती म्हणाली, एका खोलीत चौघी जणी, भाड्यानं, माझा एक कॉट आहे. कॉटवर पाय पुरतेत का? पुरतात, ती म्हणाली. ‘मंग ह्यायच्यापक्षा तुहं बरं आहे,’ मामाजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. निघताना त्यांनी खिशातल्या फडक्यानं फरशीवरचे सगळे कंस पुसून दिले. तिची नोकरी जाऊ नये म्हणून. आसगावची रेघ मात्र पुसली नाही. ती मॅनेजरनं बुटानं पुसली.

परतीच्या गाडीत मामाजी माझ्यापासून दूर, दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. हीच शिक्षा होती. वावराच्या विक्रीच्या दिवशी साक्षीदार म्हणून सही करायला ते आले, चष्मा पुसून नीट सही केली आणि आफिसातल्या बाकावर बसून राहिले. बायको आली नव्हती. ती घरी तांदळाचं शेवटचं पोतं उन्हात घालत होती. पुढच्या वर्षी तिनं अड्याळच्या बाजारातून पहिल्यांदा तांदूळ विकत आणला. दुकानदाराला तिनं विचारलं, हा कुठचा. तो म्हणाला, आसगावचा, फर्स्ट क्लास आहे बाई, घरचा समजा.

लग्न झालं. इमारतही झाली, सांगितलेल्या वेळेनंतर वर्षभरानं. त्या वर्षभरात मुलगा भाडंही भरत होता आणि हप्ताही. सूनबाई स्वभावानं फार चांगली. एकदा पवनीला आली असताना तिनं माझ्या हातात चहा दिला आणि सहज बोलून गेली, की तिनं तिच्या बाबांना तेव्हाच सांगितलं होतं, मला भाड्याचं घर चालेल, त्यांच्या घरचं शेत कशाला विकायला लावता. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही विचारलंच नाही बाबा. तुम्ही सगळे फ्लॅट बघत होता. मामाजी तेव्हा ओट्यावर होते. त्यांनी हे ऐकलं आणि मागावर जाऊन बसले. त्या दिवशी माग फार जोरात चालला.

मग मी निवृत्त झालो. निवृत्तीचं माझं ठरलं होतं. पुण्यात फ्लॅट कोणासाठी घेतला? सकाळी फिरायचं, दुपारी पेपर, संध्याकाळी शेजारच्या निवृत्तांना गणितातल्या गमती सांगायच्या. त्यातच सूनबाईला दिवस गेल्याची बातमी आली. आता तर हक्कानंच जायचं. मी दोन बॅगा भरल्या. बायकोनं डिंकाचे लाडू केले, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. मामाजींना मी आठवडाभर आधी सांगून ठेवलं, की आता आम्ही दोघंही पुण्याचे, खोल्यांना भाडेकरू बघा. ते हूं म्हणाले. खडू मात्र त्यांनी काढला नाही.

निघायच्या दोन दिवस आधी मुलाचा फोन आला. माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त प्रेमानं बोलत होता, त्यावरूनच मला समजायला हवं होतं. तब्येत विचारली, पेन्शनचं विचारलं, पवनीत ऊन किती ते विचारलं. मग म्हणाला, बाबा, एक सांगू का, तुम्ही दोघं एकदम येऊ नका. पाळीनं या. हिची आई पण येणार आहे, बाळ आल्यावर पाळणा ठेवायचा आहे, आणि हॉलमध्ये माझं आफिसचं टेबल आहे. तुम्हाला दोघांना झोपायला जागा कुठून देऊ. मी म्हटलं, अरे बरोबर आहे. मी म्हटलं, त्यात काय, मलाही इथे कामं आहेत. मला एकही काम नव्हतं.

फोन ठेवून मी ओट्यावर आलो. बायको तिथे दुपट्यांच्या घड्या करत होती आणि मामाजी शेजारी बसून सूत उकलत होते. मी सगळं सांगितलं, जरा हसत सांगितलं, जसं काही ही व्यवस्था मीच सुचवली होती. आणि म्हटलं, तर आता प्रश्न असा आहे, की आधी कोणी जायचं. मी घरातला मोठा. शिवाय फ्लॅटच्या कागदावर मुलाच्या नावाखाली माझंही नाव आहे. तेव्हा पहिली पाळी माझी असावी, असं मला वाटतं.

बायकोनं हातातली दुपटी खाली ठेवली. मामाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिच्याकडे वळून म्हणाले,

‘बाई, तू जाय. ह्यायले नोको धाडू. तिथच्या भावात गुर्जीचं नुसतं बसनं परवडत नाही.’